नकाशात नसलेलं झाड

मार्चमधल्या एका सकाळी आमच्या कॉलनीतल्या कडुलिंबावर पांढऱ्या ऑइलपेंटने १७ हा आकडा लिहिलेला दिसला. शेजारच्या पिंपळावर १८. पुढच्या जांभळावर मात्र काहीच नव्हतं, आणि मागच्या भिंतीला लागून असलेल्या उंबरावरही नाही. आकडे रात्रीत कोणी घातले ते चौकीदारालाही माहीत नव्हतं. पाडवा तोंडावर आला होता, आणि गुढीचा डहाळा आम्ही सगळे याच कडुलिंबाचा घेतो. समोरच्या आजी खाली आल्या, आकड्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, नंबर पडला म्हणजे वाचलं म्हणायचं की गेलं?"

आमची जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायचं घाटत आहे. म्हणून या प्रश्नाच्या मागे लागले, आणि जे समजलं ते इथे लिहिते आहे. इंदूरच्या जुन्या कॉलन्यांमध्ये, दुमजली क्वार्टरांमध्ये, मोठं अंगण असलेल्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या बऱ्याच जणांवर ही वेळ आज ना उद्या येणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आमची बिल्डिंग पुन्हा बांधायलाच हवी. पावसाळ्यात स्लॅब ठिबकतो, गॅलरीच्या सळया उघड्या पडल्या आहेत, आणि त्या आजींना दोन जिने चढताना तीनदा बसावं लागतं. लिफ्ट ही त्यांची चैन नाही, गरज आहे. झाडांसाठी भांडणाऱ्यांना "तुम्हाला माणसांपेक्षा झाडं प्यारी" असं ऐकवलं जातं, तेव्हा खरा प्रश्न बाजूलाच राहतो. घर आणि झाड यांच्यात एकच निवडायची वेळ फार क्वचित येते. बहुतेक वेळा अडचण असते ती गाडी उभी करण्याच्या जागेची. हे मलाही आधी कळलं नव्हतं.

हिशोब असा असतो. प्लॉटवर एकूण किती बांधकाम करता येईल हे एफएआर या आकड्यावरून ठरतं. समजा प्लॉट १०,००० चौरस फुटांचा आहे आणि एफएआर २ आहे, तर सगळे मजले मिळून २०,००० चौरस फूट बांधता येतं. आपल्या जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा एवढं बांधायची कुणाला गरज नव्हती. दोन मजले, मध्ये विहीर, चारी बाजूंनी अंगण. झाडं वाढली ती या न वापरलेल्या जागेत. आता बिल्डर जुन्या रहिवाशांना नवे फ्लॅट देतो आणि खर्च निघावा म्हणून उरलेले फ्लॅट बाजारात विकतो. म्हणून तो एफएआर शेवटच्या फुटापर्यंत वापरतो. सरकारी क्वार्टरांच्या जागी हेच 'पुनर्घनत्वीकरण' या अवघड नावाखाली होतं. जुन्या क्वार्टरांची जागा मोकळी करायची, तिच्या एका भागावर नवी सरकारी बांधकामं उभी करून घ्यायची आणि त्यांच्या मोबदल्यात उरलेली जमीन बांधणाऱ्याला द्यायची.

इथवर झाडाला फारसा धोका नसतो. इमारतीच्या चारी बाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते, जिला इंदुरात सगळे एमओएस म्हणतात, आणि आमची निम्मी झाडं कुंपणाच्या कडेला, म्हणजे त्याच पट्ट्यात उभी आहेत. नकाशा हातात घेतला तर वाटतं, राहतीलच की.

पण तो नकाशा तळमजल्याचा असतो. त्याखाली बेसमेंटचा वेगळा कागद असतो, आणि तो कुणी उलगडून बघत नाही. इतक्या फ्लॅटांच्या गाड्या मावायच्या तर बेसमेंट इमारतीपेक्षा मोठं होतं आणि कुंपणाच्या दिशेने सरकत जातं. त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खोल खड्ड्याची कड धरून ठेवत नाही. म्हणून भिंत जिथे उभी राहायची असते, त्याच्याही बाहेरपर्यंत जेसीबी माती काढतो. वर बघितलं तर झाड जागेवर आहे, कागदावरही आहे. खाली त्याचा एका बाजूचा पाया मात्र तुटलेला असतो.

मुळांविषयी आपला समज चुकीचा असतो. चित्रात दाखवतात तसं, जेवढं झाड वर तेवढंच खाली सरळ उतरलेलं, असं बहुतेकदा नसतं. झाडाला पाणी आणि अन्न पुरवणारी मुळं मुख्यत्वे वरच्या मीटरभर मातीत असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेरापलीकडेही. बांधकामाच्या वेळी झाड वाचवायचं असेल तर जगभर एक साधं माप वापरतात. बुंध्याची जाडी, म्हणजे व्यास, छातीच्या उंचीवर मोजायचा आणि त्याला १२ ने गुणायचं. येईल तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात खोदकाम नाही, मातीची भर नाही, सिमेंटचा ढीग नाही, ट्रक उभा करायचा नाही.

मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन खाली गेले. ती दीड मीटरचीच होती, म्हणून आधी सुतळी गुंडाळून घेतली आणि मग ती सुतळी मोजली. १७ नंबरच्या कडुलिंबाचा घेर २.४ मीटर भरला. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो, साधारण ७६ सेंटिमीटर. गुणिले १२, म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर. बुंध्यापासून चारी बाजूंना तीस फूट! आणि सध्या त्याच्याभोवती काय आहे, तर मीटरभराचा ओटा आणि त्याला चिकटून पेव्हर ब्लॉक. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. झाडाला श्वास घ्यायला लागणारी ती किमान जागा. बांधकामाच्या काळात एवढ्याने भागत नाही.

मुळं तुटलेलं झाड लगेच मरत नाही, म्हणून तर फसायला होतं. पहिल्या वर्षी पालवी येते. दुसऱ्या वर्षी शेंडा सुकतो. मग जूनमधल्या एखाद्या वाऱ्याच्या संध्याकाळी ते आडवं होतं आणि "वादळात पडलं" अशी नोंद होते. त्या दिवशी त्याच्याखाली कुणाची स्कूटर असते, कुणी माणूसही असू शकतो.

एकाच्या बदल्यात दहा

रोपं लावायच्या बाबतीत आपलं शहर मागे नाही. १४ जुलै २०२४ ला शहराबाहेरच्या रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपं लावून इंदूरने विश्वविक्रम केला. आमच्या कॉलनीतले लोकही गेले होते, मातीचे हात घेऊन परत आले. हे काम चांगलंच आहे. पण त्याच दाखल्यावरून जेव्हा सांगतात की इथलं एक तोडू, तिकडे दहा लावू, तेव्हा हिशोब जुळत नाही. सावली जिथे पडते तिथेच उपयोगी पडते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा आमच्या पश्चिमेकडच्या भिंती तापू न देणारा कडुलिंब शहराबाहेरच्या टेकडीवर कामाचा नाही. मोठं झाड पानांतून दिवसभर पाणी हवेत सोडत असतं, त्यानेही गारवा येतो. कमरेएवढ्या रोपाला तेवढी पानं यायला पंचवीस-तीस वर्षं लागतात, आणि ते जगलं तर.

पक्ष्यांचं तर आणखी वेगळं. आमच्याकडे धनेश येतात, राखाडी, वाकड्या मोठ्या चोचीचे. उंबर पिकला की जोडीने येतात. या पक्ष्याला घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली लागते. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच मावेल एवढी फट ठेवते, आणि पुढचे काही आठवडे नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. कुठल्याही नर्सरीत ढोली असलेलं झाड मिळत नाही. ती फांदी तुटून, कुजून, वर्षानुवर्षांनी तयार होते.

झाडाची किंमत रुपयांत मोजायचाही प्रयत्न झाला आहे. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडण्याचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा कोर्टाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये सुचवलं की झाडाचं जितकं वय, तितक्या वेळा ७४,५०० रुपये ही त्याची किंमत धरावी. साठ वर्षांच्या झाडाचे त्या हिशोबाने ४४ लाख ७० हजार होतात. हा आकडा सभेत सांगायला बरा वाटतो, पण पुढचंही सांगायला हवं. २०२३ मध्ये त्याच प्रकरणात ती झाडं तोडायला परवानगी मिळाली. म्हणजे किंमत काढली म्हणून झाड आपोआप वाचत नाही. दुसरीकडे मार्च २०२५ मध्ये ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात विनापरवानगी तोडलेल्या ४५४ झाडांसाठी सुप्रीम कोर्टाने झाडामागे एक लाख रुपये दंड कायम ठेवला आणि तेवढी हिरवाई परत यायला किमान शंभर वर्षं लागतील असं म्हटलं.

"तोडत नाही, हलवतो" हेही आता सर्रास ऐकू येतं. पुनर्रोपण होतं, योग्य ऋतूत, मोठा मातीचा गोळा धरून, नंतर दोन-तीन वर्षं पाणी घालून केलं तर काही जातींची झाडं जगतातही. वड, पिंपळ, उंबर हे त्या मानाने चिवट. पण दिल्ली सरकारने २०२२ मध्ये हायकोर्टात दिलेल्या माहितीनुसार तीन वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी एक तृतीयांशच जगली होती. हलवायला कबूल होण्याआधी विचारा की हलवून कुठे, पाणी कोण घालणार आणि दोन वर्षांनी मोजायला कोण येणार.

पाल्याची तक्रार मात्र घरातूनच येते. पाला पडतो, गटार तुंबतं, गाडी घाण होते. आमच्याकडे झाडाविरुद्ध सगळ्यात जास्त बोलणं याच कारणावरून होतं. जाता जाता सांगते, याच शहरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने पालापाचोळा आणि शेणापासून कंपोस्ट करायची रीत बसवली, आणि जगात ती आजही 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. ते काम झालं ती जागा म्हणजे आजचं कृषी महाविद्यालय. आमच्या कॉलनीत आता दोन खड्डे केले आहेत, पाला तिथे जातो.

कायदा काय म्हणतो

पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर सल्ला देतात की झाडावर नोटीस लागली असेल, सात दिवसांत हरकत घ्या. ती सोय महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्यातली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिथे पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात, आणि एखादं झाड तोडलं तर त्याच्या वयाच्या आकड्याइतकी नवी लावावी लागतात. आपण मध्य प्रदेशात आहोत. तिथली कलमं टाकून इथे अर्ज केला तर तो बाजूला ठेवला जातो. इथे लागू आहे तो मध्य प्रदेश वृक्षों का परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम, २००१. शहरी हद्दीत वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, झाड खाजगी प्लॉटवर असलं तरी. "माझ्या जागेतलं झाड, मी काही करीन" हे चालत नाही, आणि बऱ्याच घरमालकांना हे माहीतच नसतं.

प्रकल्प मोठा असेल, म्हणजे एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त, तर केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी लागते. ती परिवेश या सरकारी पोर्टलवर बघता येते. मंजुरीच्या अटी नीट वाचा. अगदीच टाळता येत नसेल तरच झाड तोडावं, तोडलं तर एकास दहा लावावीत, आणि प्लॉटच्या दर ८० चौरस मीटरला निदान एक झाड असावं, अशा अटी त्यात नेहमी असतात. शेवटच्या अटीत जागेवरची जुनी झाडंही मोजली जातात, म्हणजे ती राखणं बिल्डरच्याही सोयीचं आहे. हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

दाद कुठे मागायची यावरही गोंधळ असतो. हरित लवादाचं मध्य भारताचं पीठ भोपाळला आहे. पर्यावरण मंजुरीवर आक्षेप असेल तर तिथे जाता येतं, आणि त्याला तीस दिवसांची मुदत असते, सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस. पण लवाद ज्या सात केंद्रीय कायद्यांखालची प्रकरणं ऐकतो त्यात राज्याचा हा वृक्ष कायदा नाही. नुसत्या नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, तोडपरवानगीवर वाद असेल तर वाट हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाकडे जाते. वकील गाठण्याआधी एवढं माहीत असलं तर एक हेलपाटा वाचतो.

पण कोर्टाची वेळ येते तोवर बहुधा उशीर झालेला असतो. दिल्लीत २०१८ मध्ये सरोजिनी नगर, नौरोजी नगरसारख्या सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासात हजारो झाडं जाणार हे कळल्यावर लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले, हायकोर्टाने जूनमध्ये स्थगितीही दिली. तोवर काही झाडं तोडून झाली होती. भोपाळला जून २०२४ मध्ये शिवाजी नगर आणि तुलसी नगरच्या जागी मंत्री-आमदारांची घरं बांधायचा प्रस्ताव आला. सुमारे २९,००० झाडांचा प्रश्न होता. तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि सरकारने प्रस्ताव सोडून दिला. दोन्हीकडे माणसं सारख्याच जिद्दीची होती. भोपाळला काम अजून कागदावरच होतं, एवढा फरक. आपल्याकडे हुकुमचंद मिल या बंद कापड गिरणीच्या जमिनीवरूनही असाच वाद झाला. मिल १९९१ मध्ये बंद पडली, त्या मोकळ्या जागेत तीस वर्षांत झाडं आपसूक वाढली, आणि ती शहराचं जंगल म्हणून राखा अशी मागणी लोकांनी केली.

म्हणून आम्ही फलक रंगवायच्या आधी वही घेतली. प्रत्येक झाडाचं नाव, घेर, कुंपणापासूनचं अंतर, आणि लोकेशन चालू ठेवून काढलेला फोटो. मुलांनी दोन रविवारांत सगळं केलं. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज केला, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. त्यात "झाडांची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, तसंच मोघम उत्तर येतं. तोडपरवानगीचा अर्ज, त्याला जोडलेली झाडांची यादी, पाहणीचा पंचनामा आणि बेसमेंटच्या नकाशाची प्रत, हे चार कागद नावानिशी मागा. मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे तक्रारी ऐकायच्या सरकारी बैठकीत, दिलेल्या अर्जाची पावती जपून ठेवा. रात्रीत कुऱ्हाड चालली तर निगमाच्या ३११ ॲपवर फोटोसकट तक्रार टाका, म्हणजे वेळेची नोंद राहते.

सगळ्यात मोठं हत्यार मात्र निगमात नाही, कोर्टातही नाही. फ्लॅट तुमच्या मालकीचा असेल तर ते तुमच्याच सहीत आहे. बिल्डरशी करार करताना कोणती झाडं राहणार त्यांची यादी करारालाच जोडा, वर्तुळांसकट नकाशा जोडा, झाड गेलं तर किती रक्कम द्यायची ते लिहा आणि तेवढी बँक गॅरंटी ठेवून घ्या. एकदा सही झाली की तुम्ही विनंती करणारे होता. क्वार्टरमधल्या भाडेकरूंच्या हाती हे नसतं, आणि त्यांना रस्त्यावर यावं लागतं ते म्हणूनच.

आमच्या सभेत एक काका स्पष्ट म्हणाले, "झाडापायी माझी लिफ्ट सहा महिने पुढे ढकलू नका." त्यांचं चुकलं नाही. म्हणून आम्ही बिल्डरकडे नुसता नकार घेऊन गेलो नाही. बेसमेंट चौकोनी करण्याऐवजी एका कोपऱ्यात आत घेता येतं. दोन गाड्या एकावर एक ठेवायची यंत्रं मिळतात. थोड्या गाड्या तळमजल्यावर खांबांच्या मध्ये घेता येतात. एक मजला वर चढवून इमारतीची रुंदी कमी करता येते. १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी इंदूरचा आराखडा करताना पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराचा आग्रह असाच होता की सरसकट पाडापाडी नको, नडतं तेवढंच काढा, बाकीचं सांभाळा.

गेल्या आठवड्यात आर्किटेक्टने नवा नकाशा टेबलावर पसरला. त्यात एकही झाड काढलेलं नव्हतं. कोऱ्या जागेवर फक्त 'हरित क्षेत्र' एवढं लिहिलेलं. माझ्या पुतण्याने वहीतले घेर बघून कंपासने हिरवी वर्तुळं काढायला सुरुवात केली, १७ नंबरचं सगळ्यात आधी. बेसमेंटचा रॅम्प बरोबर त्या वर्तुळातून जात होता. आर्किटेक्ट थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "रॅम्प पूर्वेकडून घेता येईल का ते बघतो. बाकीच्या झाडांची मापं पाठवा." आजींना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून देता आलेलं नाही. नंबर पडला म्हणजे यादीत आलं, एवढंच सांगितलंय. यादी तोडायची की राखायची, ते अजून ठरायचं आहे.

जांभळाचं माप पाठवलं. उंबराचं राहिलंय, भिंतीला इतका चिकटून वाढलाय की सुतळी मागून फिरत नाही. रविवारी कुणीतरी पलीकडच्या प्लॉटमध्ये उतरून टोक हातात द्यायला हवं.